फाइल आपोआप जात न्हाय

चौगुलेसाहेबांकडं बिघडलेली फ्लॉपी घेऊन कुणी आलं, तर ते आधी फ्लॉपीला हात लावायचे नाहीत. आधी माणूस बघायचे. चपलांपासून टोपीपर्यंत. मग विचारायचे, "पावणं, भाऊबंदकी हाय का?"

आलेला माणूस गडबडून जायचा. "म्हंजे?"

"म्हंजे वाटणीचा दावा, बांधाचं भांडण, संस्थेत पार्टीबाजी, असलं काय?"

"न्हाय बा."

"मग फाइल गेली कशी?"

त्या बिचाऱ्यालाच ते ठाऊक असतं तर तो जिना चढून कशाला आला असता? पण चौगुल्यांचा सिद्धान्त पक्का होता. फाइल आपोआप जात न्हाय, कुणीतरी घालवतंय. दमट हवा, धूळ, विजेचा खेळ, यंत्राचं वय, ही सगळी त्यांच्या मते चोरांनी पसरवलेली थापेबाजी.

ऐंशीच्या दशकातली शेवटची वर्षं होती. कोल्हापुरात कॉम्प्युटर हा शब्द लोक जरा दबकूनच उच्चारायचे. लक्ष्मीपुरीत सायकलींच्या सुट्या भागांच्या दुकानावर आमचं ऑफिस होतं. मालकांना सगळे अण्णा म्हणायचे. सहकारी संस्था, पतपेढ्या, कारखाने यांची कामं आम्ही कॉम्प्युटरवर करून द्यायचो. मी तिथं टायपिस्ट म्हणून लागले आणि चाळिशी उलटल्यावर मला ऑपरेटर करण्यात आलं. खुर्ची बदलली, बाकी काही बदललं नाही. आणि चौगुले आमचे तज्ज्ञ. मूळचे गडमुडशिंगीचे, शेतकऱ्याच्या घरातले, बी.एस्सी. झालेले, पुण्यात एका कॉम्प्युटर कंपनीत काही वर्षं काढून परत आलेले. परत का आलात विचारलं, तर आवाज खाली आणून म्हणायचे, "तिथं माझ्या मागं लागलेती." कोण लागले होते ते कधी कळलं नाही.

कडक इस्त्रीचा सफारी, खिशाला दोन पेनं आणि डोळे सारखे दारावर. खुर्ची भिंतीला टेकवलेली, म्हणजे मागून कुणी डोकावायला नको. पासवर्ड टाकताना दोन्ही हातांवर टॉवेल घ्यायचे. मी एकदा म्हटलं, "साहेब, वाफारा घेताय का?" तर आठवडाभर माझ्याशी बोलले नाहीत. अंबाबाईच्या देवळात जाताना एक चप्पल एका दारात आणि दुसरी दुसऱ्या दारात काढायचे. जोड मोडला की चोर हात लावत नाही म्हणे. लग्न केलं नव्हतं. मुलगी बघायला गेले की मुलीच्या बापाचीच उलटतपासणी घ्यायचे आणि तो बाप पुन्हा उंबरा चढायचा नाही, असं त्यांची आईच सांगायची, कपाळावर हात मारून.

पण काम! कामाला माझा त्यांना दंडवत आहे. फ्लॉपी म्हणजे तेव्हा काळी, चौकोनी, वहीच्या पुठ्ठ्यासारखी वाकणारी वस्तू. आत पातळ चकती, आणि पाकिटाला एक लांबट खिडकी, तिच्यातून ती चकती चकाकताना दिसायची. यंत्र त्या खिडकीतूनच वाचायचं. यंत्रानं "वाचता येत नाही" म्हणून हात वर केले, की चौगुले पुढं सरसावायचे. फ्लॉपी यंत्रात घालून वर कान लावायचे. आतली करकर ऐकायचे. "हितं अडतंय," म्हणायचे. मग एकेक तुकडा पडद्यावर आणायचे. निम्मी अक्षरं, निम्मा कचरा. त्यातून नाव, गाव, आकडा वेचायचे आणि जोडत बसायचे. त्या वेळी त्यांच्या तोंडावर जी माया दिसायची, ती जिवंत माणसाच्या वाट्याला कधी आली नाही. एक मात्र गंमत होती. बाकी काही वाचो न वाचो, प्रत्येक फ्लॉपीतून पाटील हटकून बाहेर यायचे. "बगा," चौगुले चिडून म्हणायचे, "सगळी बुडाली, हे तरंगलं! ह्यात कायतरी हाय." अहो, जिल्ह्यात पाटीलच जास्त, त्याला ते तरी काय करणार?

एकदा कोडोलीच्या एका सोसायटीचे सेक्रेटरी आले. फार साधा माणूस. आम्ही दिलेली फ्लॉपी त्यांनी इतर कागदांसारखीच नीट जपली होती. म्हणजे पंचिंग मशीननं दोन भोकं पाडून, दोरी ओवून, फायलीला लावून ठेवली होती! वर कडेला तारीख घालून सही आणि शिक्का. मला हसू आवरेना. चौगुले मात्र हसले नाहीत. त्यांनी ती भोकं उजेडाकडं धरून बघितली.

"हे कुणी सांगितलं तुमास्नी करायला?"

"कुणी न्हाय साहेब. दप्तर म्हणल्यावर फायलीला लावाय नको का?"

"एवढं खुळं कोण असतंय? खरं सांगा. चेअरमननी सांगितलं न्हवं?"

सेक्रेटरींच्या डोळ्यांत पाणी आलं. मी त्यांना बाजूला नेऊन चहा पाजला. चौगुल्यांनी भोकांच्या आजूबाजूचा जेवढा मजकूर जगला होता तेवढा काढून दिला, पण तो माणूस निष्पाप होता हे शेवटपर्यंत मानलं नाही. "भोकं लई नेमकी पडल्यात," म्हणत राहिले.

आता सुमनचं सांगते. सुमन हातकणंगल्याची. रोज सकाळी गाडीनं यायची, संध्याकाळी गाडीनं जायची. वडलांची गिरणीतली नोकरी गेलेली, धाकटी भावंडं शिकत होती, घर हिच्या हातावर. बोटं अशी चालायची, की मी वीस वर्षं टायपिंग केलेली, तरी मान खाली घालावी. स्वभावानं सरळ, पण कुणाचं ऐकून घेणारी नव्हे. चौगुल्यांच्या तपासण्यांना ती घाबरायची नाही. "सर, माझ्यावर आज कशाचा संशय आहे?" असं हसत विचारायची. ते "हूं" म्हणायचे.

जिल्ह्यातल्या एका साखर कारखान्याची ऊसनोंद आमच्याकडं होती. कुणाचा ऊस कधी लावलेला, आणि त्यावरून कुणाची तोडणी कधी. हंगाम तोंडावर आला होता. दसरा नुकताच झालेला. त्या सकाळी मी मशीन चालू केलं तर ऊसनोंदीची एकही फाइल दिसेना. पंखा फिरतोय, दिवा लागलाय, आणि आत सगळं कोरं.

चौगुले आले, बघितलं, खुर्ची मागं सरकवली. कारखान्याचा माणूस समोर बसलेला, दोन गिऱ्हाइकं बाकावर, अण्णा दारात.

"फॉरमॅट केलंय," ते मोठ्यानं म्हणाले. "पाटी पुसतात तसं मुद्दाम पुसलंय. काल शेवटी मशीनवर कोण हुतं?"

"मी होते, सर," सुमन म्हणाली.

"तुझ्या मामाचा ऊस ह्याच कारखान्याला जातोय न्हवं?"

"जातो की. निम्म्या जिल्ह्याच्या मामांचा जातो."

"त्याची नोंद उशिरा झालीया. तोडणी पार मार्चात. नोंद पुसली की सगळ्यांची पुन्यांदा नव्यानं. व्हय का न्हाय?"

सुमनच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं ते मी बघितलं. "सर, मी काहीही पुसलेलं नाही. मशीन बंद केलं आणि गाडी गाठली."

"चोर असंच म्हणतोय."

हा शब्द त्यांनी चार माणसांत उच्चारला. मला इतका संताप आला की मी उठून उभी राहिले. "साहेब, जीभ आवरा," म्हटलं. पण अण्णांनी हात वर केला. कारखान्याचा माणूस समोर होता, त्यांना तरी दुसरं काय सुचणार? म्हणाले, "पोरी, फायली सापडेपर्यंत तू घरीच थांब." ती डबा घेऊन जिना उतरली. हातकणंगल्यात ही बातमी तिच्या आधी पोचली असेल. कोल्हापुरात कॉम्प्युटरची ऑफिसं बोटांवर मोजण्याएवढी, सगळी एकमेकांना ओळखणारी. चोर हा शब्द चिकटला असता, तर त्या पोरीला कुणी दारातसुद्धा उभं केलं नसतं, आणि घरची चूल कशावर पेटणार होती?

चौगुल्यांनी दिवसभर मशीनमधून तुकडे उपसले. नावं आली, गावं आली, पाटील तर आलेच, पण तारखांचा मेळ बसेना. आणि तारखा नसतील तर नोंद काय कामाची? तेव्हा ते खुर्चीत ताठ बसले आणि मिशीत हसले. "मला ठावंच हुतं, एक दिवस असं हुणार. ह्या सगळ्याची नक्कल माझ्याकडं हाय. घरी. तुमच्या कुणाचा हात पोचणार न्हाय तिथं." ऑफिसातल्या कपाटावर त्यांचा विश्वास नव्हता. कपाटाची दुसरी किल्ली कपाट बनवणाऱ्याकडं असणारच, असं त्यांचं म्हणणं. म्हणून नकलेच्या फ्लॉप्या ते गडमुडशिंगीला नेऊन ठेवायचे.

दुसऱ्या दिवशी स्टीलच्या डब्यातून, धोतराच्या फडक्यात बांधून त्यांनी फ्लॉप्या आणल्या. पहिली घातली. यंत्र करकरलं आणि थांबलं. वाचता येत नाही. दुसरी घातली, तेच. तिसरी, तेच. चौगुल्यांच्या तोंडचं पाणी पळालं. मी त्यांना पहिल्यांदाच भ्यालेलं बघितलं. पण भीती फार वेळ टिकली नाही. संशयानं लगेच तिची जागा घेतली. त्यांनी मान वळवून माझ्याकडं बघितलं.

"दसऱ्याला सोनं द्यायला तुम्ही माझ्या घरी आलता."

"आलते. मी आणि सुमन. तुमच्या आईनं बोलावलं होतं."

"त्या दिवशी चहा करायला आत कोण गेलतं?"

"सुमन गेली होती. तुमच्या आईचा गुडघा दुखत होता म्हणून."

"तवाच!" त्यांनी टेबलावर हात आपटला. "आणि तुम्ही मला बाहीर बोलत बसवलंसा!"

घ्या! आता मीही कटात. मी म्हटलं, "साहेब, आपट्याची पानं द्यायला आलेल्या बायका तुमच्या घरात घुसून फ्लॉप्या नासवतील, एवढं कुणाला पडलंय तुमचं?" ते ऐकतच नव्हते. त्या दोन दिवसांत ऑफिसात सगळेच एकमेकांच्या हाताकडं बघायला लागले. शिपाई केरसुणी घेऊन आला तरी त्याच्यावर डोळे. मीसुद्धा उगाचच माझं टेबल पुन्हा पुन्हा आवरत होते. संशय एकदा खोलीत शिरला की कुणालाच मोकळा श्वास घेऊ देत नाही.

शेवटचा उपाय म्हणून चौगुल्यांनी ब्लेड घेतलं आणि एका फ्लॉपीचं काळं पाकीट कडेनं चिरलं. आत पांढरं मऊ कापडाचं अस्तर असतं. ते पिवळं-लाल झालं होतं. चकतीवर गोल फरांटे. त्यांनी बोट लावलं, नाकाशी नेलं.

"सबनीसबाई, हे काय हाय?"

मी वास घेतला. "हळद आहे. आणि कुंकू."

त्यांचा चेहरा पांढरा पडला. आवाज खाली आणून म्हणाले, "करणी?"

बी.एस्सी. झालेला माणूस! मला हसावं की रडावं कळेना. "करणी कसली करताय? घरात खंडेनवमीची पूजा कोण मांडतं?"

ते सफारीची बटणं लावून उठले. "चला तुम्ही. साक्षीदार पायजे."

स्कूटरवरून आम्ही गडमुडशिंगीला गेलो. त्यांची आई पुढच्या सोप्यात शेंगा फोडत बसली होती. चौगुल्यांनी फ्लॉपी तिच्यापुढं धरली. "आई, ह्याला कुणी हात लावलता?"

"मीच की," म्हातारी म्हणाली.

"तू?"

"मग? खंडेनवमीला इळा, खुरपं, कुऱ्हाड, समदं पुजलं. तुझी हत्यारं तेवढी ठेवू व्हय? तू त्यास्नी जिवापल्याड जपतोस. कुलपात घालतोस, किल्ली माझ्याकडं देतोस. पोथी बी कुणी अशी जपत न्हाय. म्हणलं, तुझ्या पोटाचं हाय, देवापुढं मांडावं."

"पर आत कसं गेलं हे?"

"ती खिडकी न्हाय का, चकाकतीया ती? तितंच बोट टेकवलं. समद्या काळ्यावर कुंकू दिसंना, तितं कसं झ्याक दिसलं." आणि मग मुलाच्या तोंडाकडं बघून ती घाबरली. "का रं? चुकलं का माझं?"

हा माणूस आता काय बोलतो? उभ्या आयुष्यात त्यानं एकाच माणसावर संशय घेतला नव्हता, आणि ते माणूस समोर शेंगा फोडत होतं. चौगुले आईच्या शेजारी खाली बसले, सफारीसकट.

"न्हाय आई," म्हणाले. "झ्याक केलीस पूजा."

परत आल्यावर त्यांनी कामाला हात घातला. बॅटरीत घालतात ते शुद्ध पाणी आणलं, त्यात साबणाचा थेंब टाकला, एकेक चकती पाकिटातून काढून बाळाला न्हाऊ घालावं तशी धुतली. मलमलीवर वाळत घातली. मग कोऱ्या फ्लॉप्यांची पाकिटं चिरून त्यांत बसवली आणि एकेक यंत्रात घातली. करकर, करकर, आणि पडद्यावर अक्षरं उमटली. कडेची काही पानं गेली ती गेली, पण तारखा आल्या. सुमनच्या मामाची तोडणी मार्चातच होती, जागची हललेली नव्हती. मागाहून मशीनच्या कंपनीचा इंजिनिअर पुण्याहून येऊन मशीन उघडून गेला आणि म्हणाला, वीज जाताना-येताना झटका बसून फायलींचा पत्ता पुसला गेलाय, कुणीही काही केलेलं नाही. चौगुले म्हणाले, "कंपनीचा माणूस कंपनीची चूक कशाला सांगंल?" स्वभाव असा धुऊन जात नाही.

पण त्याच्या आधीच, फायली वाचल्या त्याच दुपारी, ते मला घेऊन हातकणंगल्याला निघाले. सुमनचे वडील दारात होते. "या, आत बसा," म्हणाले. चौगुले आत गेले नाहीत. गल्लीत मधोमध उभे राहिले. शेजारच्या बायका बाहेर आल्या, कट्ट्यावरची माणसं उठून बघायला लागली.

"ऐका रं समदी!" हा एवढा मोठा आवाज. "मी चौगुले. ह्या पोरीला मी चार माणसांत चोर म्हणलो. पोरीनं कायबी केलेलं न्हाय. जे झालं ते माझ्या घरात झालं. चूक माझी हाय."

सुमन दारात आली. हात ओलेच होते. तिचे वडील मान खाली घालून पंच्यानं डोळे पुसत होते. परतीच्या वाटेवर मी विचारलं, "आईचं नाव सांगितलं नाहीत?" तर म्हणाले, "आईचं कशाला? फ्लॉप्या घरी कुणी नेल्या?"

सोमवारी सुमन कामावर आली. जागेवर बसली, पहिल्यासारखी बोटं चालवायला लागली. अण्णांनी पेढे आणले. सगळं जागच्या जागी बसलं असं मला वाटलं. संध्याकाळी जायच्या वेळी ती चौगुल्यांच्या टेबलापुढं जाऊन उभी राहिली. पर्सची चेन उघडली. आतला रुमाल, पास, कंगवा, डबा, सगळं त्यांच्या पुढ्यात मांडलं.

"बघून घ्या, सर."

"हे काय?"

"उद्या परत काय हरवलं तर? आजच बघून घ्या."

चौगुले लालबुंद झाले. "जा गं बाई, जा."

ती गेली नाही. त्यांनी मान भिंतीकडं फिरवली. मग तिनं सगळं एकेक करून परत भरलं आणि "येते" म्हणून निघाली. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी तेच. चढा आवाज नाही, कुचकट बोलणं नाही. दिवसभर कामाचं सगळं नीट बोलायची, "सर, हे बघता का," "सर, हे वाचेना," आणि संध्याकाळी पर्स उघडून उभी. मी एकदा तिला म्हटलं, "सुमन, पुरे कर आता. त्यांनी गल्लीत माफी मागितली." ती म्हणाली, "बाई, मी रागानं करत नाही. मला उघडल्याशिवाय जाववतच नाही."

हंगाम आले आणि गेले. संध्याकाळ झाली की चौगुले आधीच भिंतीकडं तोंड करून बसायचे. ज्या माणसाचे डोळे दारावरून हलायचे नाहीत, तो त्या वेळेला फक्त भिंत बघायचा.

मग सुमनचं लग्न ठरलं. मिरजेचं स्थळ, माणसं चांगली. शेवटच्या दिवशी तिनं सगळ्यांना पेढे वाटले, मला वाकून नमस्कार केला. संध्याकाळी पर्स खांद्याला लावून ती चौगुल्यांच्या टेबलापुढं आली. ते सवयीनं भिंतीकडं वळलेले.

"येते, सर."

"जा बाई."

ती क्षणभर थांबली. मग जिन्यावर तिच्या चपलांचा आवाज झाला. चौगुले तसेच बसलेले.

"गेली?" त्यांनी भिंतीला विचारलं.

"गेली."

"भरली सगळं परत?"

"उघडलीच नाही तिनं आज."

ते वळले. "उघडली न्हाय?"

"नाही. बंदच होती."

मला वाटलं, आता हा माणूस विचारणार, का उघडली नाही, काय होतं आत. बघत होते मी त्यांच्याकडं, तयारीतच होते. चौगुले उठले, खुर्चीला अडखळले, रस्त्याकडची खिडकी धाडकन उघडली आणि अर्धे बाहेर वाकले. खाली लक्ष्मीपुरीची गर्दी, हातगाड्या, सायकली, घंटा.

"सुमन!" ते ओरडले. खालच्या दुकानदारानं मान वर केली. "सुखात ऱ्हा गं पोरी! सुखात ऱ्हा!"

मीही खिडकीशी गेले. तिचा निळा पदर गर्दीत एकदा दिसला, कोपऱ्यावर जरा थांबल्यासारखा वाटला, आणि मग एक टेम्पो आडवा आला. चौगुल्यांच्या गालांवरून पाणी वाहत होतं आणि ते पुसत नव्हते.

"हात हलवला तिनं," ते म्हणाले. "बगितलंसा न्हवं?"

मला काही दिसलं नव्हतं. मी म्हटलं, "होय, हलवला." आणि त्यांनी मला एकही प्रश्न विचारला नाही.